टेकायला पेटी

घाटमाथ्यावरच्या टपरीवर आम्ही दोघं चहा घेत होतो. एक मोटरसायकल समोरून गेली. मागे ॲल्युमिनियमची भक्कम पेटी, आणि तिला पाठ टेकून, हाताची घडी घालून बसलेली बाई.

“किती ऐसपैस बसलीय बघा,” बायको म्हणाली.

गेल्या वर्षी अशीच पेटी मीही हौसेनं बसवली होती. कुलूप लागतं, पाऊस शिरत नाही, शिवाय हिला टेकायला आधार. पण पहिल्याच प्रवासात सारखं काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटत होतं. दोनदा थांबून सामान तपासलं. सगळं जागेवर होतं. मग लक्षात आलं, माझ्या खांद्यावर तिचा हात नव्हता. घरी आल्यावर वजनाचं निमित्त करून मी पेटी काढली आणि जुन्या कापडी बॅगा पुन्हा दोन्ही बाजूंना बांधल्या. त्या भिजतात, धुळीनं माखतात. भिजेनात का! प्रवासात जपून न्यायचं ते काही सगळं बॅगेत भरलेलं नसतं.

“बसवू का पेटी परत?” मी जरा अपराधीपणानंच विचारलं.

“नको. तुम्ही ब्रेक मारणार, ते मला तुमच्या खांद्यावरून आधीच कळतं.”

घाट उतरताना मी नेहमीपेक्षा जरा जास्तच ब्रेक मारले.