सॉफ्टवेअरला चालणारं कार्ड

लातूरच्या आमच्या ऑफिसात इमारतींची गणितं करणाऱ्या बाई कायम दाराजवळ बसायच्या. मोठ्या भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं. पुन्हा धक्का बसला तर इमारत कशी हलेल, हे पडद्यावर दाखवणारं नवं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या जुन्या व्हिडिओ कार्डावर चालेना. दुकानदार गेमचं कार्ड देऊ लागला. बाई म्हणाल्या, "ह्या सॉफ्टवेअरला चालतं तेच पायजे." शेवटी नांदेडहून तसं घेऊन आल्या.

कोचिंगवाल्या मालकांना होस्टेलवर आणखी एक मजला चढवायचा होता. हे काम हातचं जाऊ नये म्हणून, जुने खांब तेवढं पेलतील का, हे मी विचारलंच नव्हतं. बाईंनी मालकांसमोरच सॉफ्टवेअर चालवलं; पडद्यावर होस्टेल डुलू लागलं आणि खालचे खांब धोक्याच्या लाल रंगात आले.

"कार्डामुळं तर असं दिसून नाही ऱ्हायलं ना?" मालकांनी विचारलं.

"कार्ड फक्त दाखवतं. हलून ऱ्हायलं ते होस्टेल," बाई म्हणाल्या.

"बंद करा," मालक म्हणाले.

बाईंनी माउसला हात लावला नाही.