कडेला उभ्या केलेल्या सासूबाई

आमच्या ह्यांचा कर्जत स्टेशनाजवळ फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याला एक जुनी जर्मन वाइड लेन्स होती. एवढ्याशा अंगणात वीस माणसं मावायची तिच्यात. खोड एकच: मधली माणसं जशीच्या तशी, कडेची मात्र आडवी ताणली जायची. म्हणून ह्यांनी मला शिकवलं होतं, "कडेला सडपातळ माणसं उभी करत जा."

मी शिकले. नको तेवढं शिकले.

कडाव गावी दिराच्या लग्नात ह्यांनी घरच्यांचा फोटो काढला, तेव्हा मी बावीसची होते आणि अक्कल सगळी आपल्यालाच वाटलीय अशा थाटात फिरत होते. सकाळीच सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिच्या हातचा भात गुरंबी खानार नाय." मी गोड हसून त्यांना पार डाव्या टोकाला नेलं. "इथं उजेड चांगला हाय, आत्याबाई." आणि स्वतः मधोमध उभी राहिले, नथ सावरत. उन्हं उतरत होती, हे घाईत होते.

फोटो आला. सासूबाईंचा चेहरा परातीएवढा. त्यांनी तो पाहिला, पालथा ठेवला आणि पुन्हा कधी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या नाहीत. ह्यांना वाटलं, गडबडीत मी चुकले. लेन्सची खोड सासूबाईंना कुणीच सांगितली नाही. मी तर नाहीच.

गेल्या महिन्यात धाकटी नणंद कशेळ्याहून जीपने आली. तिची नजर जात चाललीय. "दिसतंय तवर आईचा फोटो मोठा करून दे, वयनी." आईचा तेवढा एकच फोटो.

ती लेन्स आता माझी नात वापरते. तिने जुनी निगेटिव्ह शोधून कॉम्प्युटरवर घेतली. नणंद पडद्याला नाक लावून बसली.

"ही आई नाय. आईचं तोंड लांबट होतं."

मी शेंगा सोलत होते. दाणे टरफलांत पडायला लागले.

"ही लेन्स कडेची माणसं ताणते, आत्याआजी. सरळ करता येतं." नात माऊस सरकवू लागली. गाल आत गेले, हनुवटी सापडली. सासूबाई थेट माझ्याकडे बघत होत्या.

"आता आई," नणंद म्हणाली. रडली मात्र नाही. "म्हंजे ती अशीच होती, आनि मरेपर्यंत आरसा टाळत ऱ्हायली. कडेला असं होतं ते दादाला म्हाईत नव्हतं काय?"

"माहीत होतं."

"मग तिला कडेला उभी कोनी केली?"

हे जाऊन वर्षं झाली. त्यांच्यावर ढकललं असतं तर कोण शहानिशा करणार होतं? नाव जिभेवर आलंही.

"मी केली, वन्सं. मुद्दाम."

नातीचा हात माऊसवर थांबला. नणंदेने पडद्यावरच्या मधल्या नथवालीवर बोट टेकवलं.

"पोरी, आख्खा फोटो मोठा कर. आईला अशीच ऱ्हाऊ दे. आनि हिला ताण."

"आजी?" नातीने मला विचारलं.

"ताण गं."

माझे बाविशीतले ते गाल पसरायला लागले. हनुवटी बुडाली, डोळे कानांकडे निघाले. नणंदेची पापणी हलली नाही.

"आनखी," ती म्हणाली.