महिपतने उतरवलेली पाटी

डोंबिवली स्टेशनाबाहेर महिपत शेलारचं किराणा दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची पाटीच जास्त प्रसिद्ध होती. जिनसांचे भाव आणि शिल्लक माल दर्शनी भागावर लिहून लावायचा, हा सरकारचा हुकूम. बाकीचे दुकानदार तो पाळायचे म्हणजे कसा, तर पाटी गोणीच्या आड आणि अक्षर मुंगीएवढं! महिपत मात्र सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, खडूनं ठसठशीत लिहायचा आणि रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल अशी पाटी टांगायचा. साताऱ्याकडून रिकाम्या हातानं आलेल्या या माणसाजवळ भांडवल म्हणून काय होतं? 'महिपतकडे पाटीवर एक आणि तोंडात एक असं नसतं,' एवढं नाव. ते गेलं की सगळं गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकोणपन्नास साली साखर बाजारातून गडप झाली. घाऊक व्यापारी बिनपावतीचा चढा भाव मागू लागले. पाटीवर लिहायचा तो सरकारी भाव. त्या भावानं विकावं तर पदरचे जायचे. तेव्हा त्र्यंबकशेठनी सगळ्या दुकानदारांना महादेवाच्या देवळात बोलावलं. शेठ म्हणजे बाजारातलं वडीलधारं माणूस. महिपतला गाळा मिळवून दिला तो त्यांनीच.

"सरकार भाव वाढवून देईपर्यंत कुणी पाटी लावायची नाही," शेठ म्हणाले. "एकट्यादुकट्याला सरकार धरील. सगळ्यांना कुठं कुठं धरणार?"

"काका, पण कायदा आहे ना," महिपत चाचरत म्हणाला.

"अरे, कायदे काय, आज आहेत, उद्या बदलतील. मी तुला बापासारखा ना? मग उचल."

शेठांनी पुढं धरलेल्या ताटात बेलाची पानं आणि भंडारा होता. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ मोडली तर वंशाला दिवा राहत नाही, हे महिपतच्या हाडीमाशी खिळलेलं. एकेकानं उचलला, त्यानंही उचलला. माझं मत विचाराल तर असल्या धंद्यात देवाला ओढणाऱ्याची जीभ झडायला हवी होती, पण देव तरी कुठं कुठं बघणार!

पाटी उतरली. गिऱ्हाइकं विचारायची, "पाटी कुठं गेली हो?" महिपत मान खाली घालून पुडी बांधायचा. साखर मात्र तो सरकारी भावानंच देत राहिला, पदराला खार लावून.

"अहो, पाटी नाही तर मग तोटा कशाला सोसायचा?" बायको, शीला, वैतागली.

"अगं, शपथ पाटीची घेतलीय, भावाची नाही."

एका सकाळी ठाण्याहून पुरवठा खात्याचे साहेब आले. महिपत बाहेर येऊन बघतो तो काय, बाजारभर पाट्या! काहींवरचा खडू तर अजून हाताला लागत होता. साहेब येणार याची कुणकुण त्र्यंबकशेठना आदल्या दिवशीच लागली होती, आणि त्यांचा माणूस निरोप घेऊन दुकानोदुकानी फिरला होता. एक महिपतचं दुकान तेवढं गाळून. पंचनाम्याला पंच हवे होते, तर शेठ आपण होऊन पुढं आले आणि चष्मा पुसून सही करून गेले.

ठाण्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "पाटी का लावली नाही?" शपथेचं सांगावं तर सगळा बाजार गोत्यात येणार. महिपतनं शेठांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तरी पुरे होता. शेठ छताकडे बघत होते.

"चूक झाली, साहेब," महिपत म्हणाला. दंड झाला, परवाना गेला.

बाहेर आल्यावर त्यानं शेठांना गाठलं. "काका, देवासमोरची शपथ तुम्हीच मोडलीत?"

"मी कधी घेतली? मी ताट धरलं होतं, महिपत. बाकीच्यांना मी मोकळं केलं."

"मग मलाच का नाही?"

"तुझ्याकडे गिऱ्हाईक फार जायला लागलं होतं रे," शेठ म्हणाले, आणि तेही अगदी मायेनं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. महिपतला त्यांचा राग यायच्या आधी, या माणसाला आपण काका म्हणत होतो याचीच शरम वाटली.

दुकानाला कुलूप लागलं. महिपत वखारीत लाकडं वाहू लागला. एक दिवस ठाकुर्लीची हौसाबाई वाटेत भेटली. त्याचं जुनं गिऱ्हाईक. हातात साखरेची पुडी.

"त्र्यंबकशेठकडनं आनली," ती म्हणाली, आणि भावही सांगितला. महिपत चमकला.

"मावशे, फसवलं तुला! सरकारी भाव याच्याहून कमी आहे. त्यांच्या पाटीवर लिहिलेला असेल, बघ की."

"मला कुठं वाचता येतं?" हौसाबाईनं पुडी पदराखाली घेतली. "पन त्यो पाटी लावतो रं बाबा. तुज्यावानी लपवत नाय."