पहिली भाकरी गाईची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात लोकांनी माझ्या चांगुलपणाची अशी काही आरती ओवाळली, की निदान त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी आले.

गोष्ट एका भाकरीची आहे. भाकरीत लपवण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आले.

मी रहिमतपूरकडच्या एका खेड्यात चौथीच्या वर्गाला शिकवायचे. मूळची वाईची. लग्नाआधी चुलीजवळ कधी बसले नव्हते, त्यामुळे पहिले सहा महिने सासरी माझ्या भाकरीला सगळे 'नकाशा' म्हणायचे. त्याचा राग असेल कदाचित — पोरांना भाकरी यायलाच पाहिजे, असं मी मनात घेतलं. मुलींनाच नाही, मुलग्यांनाही. शाळूची नवी ज्वारी घराघरांत आली, की एका शनिवारी शाळेच्या मैदानात तीन चुली मांडायच्या. पीठ पोरांनी आपापल्या घरून वाटीवाटीनं आणायचं, ते सगळं एका परातीत ओतायचं. शाळा समितीची माणसं जेवायला यायची. पिठलं मी करायचे.

आणि एक नेम होता. तोही मीच घालून दिलेला. तव्यावरून पहिली उतरेल ती भाकरी करणाऱ्यानं माझ्याकडे आणायची. मी ती सगळ्यांसमोर मोडायची, पहिला घास मी खायचा आणि मग तुकडा तुकडा सगळ्यांना वाटायचा — पोरांना, पाहुण्यांना. तीन वर्षं असं चाललं. एका वर्षी भाकरी इतकी कच्ची होती, की टाळ्याला चिकटली. तरी मी 'वा!' म्हणत गिळली, आणि पोरं खदखदून हसली.

चौथ्या वर्षी सारिका वर्गात होती.

सारिका गावाबाहेरच्या वस्तीतली. वस्ती म्हटल्यावर कुठली, ते तुम्हाला कळलंच असेल — आपल्याकडे कळतंच, सांगावं लागत नाही. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची. म्हणून नऊ वर्षांची ही पोर घरी रोज भाकऱ्या थापायची. बाकीच्यांची पीठ मळताना तारांबळ उडाली होती, कुणाचं सैल, कुणाचं घट्ट. सारिकानं मात्र तळहातानं पीठ रगडून रगडून असं मऊ केलं, की मीच बघत राहिले. थापली, अलगद उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर धरली. आणि ती भाकरी टम्म फुगली. सगळा वर्ग ओरडला. माझ्या हातची भाकरी अजूनही तशी फुगत नाही, खोटं कशाला बोलू?

ती दोन्ही हातांवर भाकरी घेऊन माझ्याकडे आली. हात भाजत असणार, पण चेहरा असा उजळलेला. ओसरीवर समितीची माणसं ओळीनं बसलेली. सगळे बघत होते. माझ्याकडे बघत होते, असं मला वाटलं.

आणि मी म्हणाले, "अगं, पहिली भाकरी गाईची असते. जा, घालून ये."

एवढंच. किती सोपं असतं बघा! कुंपणापलीकडे लिंबाखाली कुणाची तरी गाय बांधलेली होती. माझ्या माहेरी खरंच पहिली भाकरी गाईला काढून ठेवायचे, त्यामुळे शब्द जिभेवर तयारच होते. तिसरीत असताना या पोरांनी मागच्या वर्षीचा शनिवार बघितलेला, तरी एकही पोर म्हणालं नाही, की बाई, मागच्या वर्षी तर असं नव्हतं. सारिका पळत गेली. पळत परत आली.

"बाई, गाईनं खाल्ली!"

मी म्हणाले, "शाब्बास."

नंतरची भाकरी एका मुलग्याची होती — वाकडी, एका बाजूनं करपलेली. ती मी मोडली. पहिला घास खाल्ला. आणि सारिकाला परातीपासून उठवून चुलीपाशी बसवलं. "जाळ तुझ्यासारखा कुणालाच लावता येत नाही," म्हणाले. त्याचाही तिला आनंदच झाला. बाकीच्या सगळ्या भाकऱ्या होईपर्यंत ती पोर धुरात डोळे चोळत बसून होती. तिच्या हातची दुसरी भाकरी मी होऊच दिली नाही.

का? मी स्वतःला काय काय सांगितलं! समितीतली माणसं पानावरून उठून गेली असती. पोरीचा चारचौघांत अपमान झाला असता. कार्यक्रम बंद पडला असता. मी तर तिला वाचवलं, असंही एकदा म्हणून झालं — मनातल्या मनात.

पण त्या ओळीत समितीतले एक वयस्कर अण्णा बसले होते. तुकडे वाटून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "आवं बाई, त्या सारकीची फुगल्याली भाकरी कुटं गेली? तुकडा आला न्हाई आमच्याकडं."

गाईला घातली, म्हणाले. अण्णा हळहळले. "लय झ्याक झाल्ती वो," म्हणाले, आणि मी वाटलेल्या त्या करपलेल्या तुकड्याला पिठलं लावून खाऊ लागले.

म्हणजे कुणी उठून जाणार नव्हतं. कुणी काही म्हणालंच नव्हतं. अडलं होतं ते फक्त माझ्या घशापाशी. तिच्या हातचा तो पहिला घास मला खावा लागणार होता, आणि तो मला नको होता — हे एवढं वाक्य मनाशी उच्चारायला मला वीस वर्षं लागली. फळ्यावर सुविचार लिहिणारी, पोरांकडून रोज प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

संध्याकाळी रानातून परतताना तिची आई माझ्या घरी आली. पायरीखालीच उभी राहिली, मीही तिला वर ये म्हणाले नाही. पदरात बांधून हरभऱ्याचे ओले घाटे आणले होते. "माज्या पोरीची भाकरी गाईच्या मुखात घातली तुमी. लय मोठ्या मनाच्या हायसा," म्हणाली. मी घाटे ठेवून घेतले. आणि — आता सांगतेच आहे तर सगळं सांगते — ते कामवाल्या बाईला देऊन टाकले.

त्या वर्षानंतर मी भाकरीचा शनिवार बंद केला. परीक्षेचं कारण दिलं.

आता मी सांगलीला मुलाकडे असते. मागच्या हिवाळ्यात मंडईत एका बाईनं वाकून माझे पाय धरले. सारिका. इथल्याच एका दवाखान्यात सिस्टर आहे. अंगानं भरली होती, चेहरा तोच. रस्त्यातच रडली. म्हणाली, "बाई, माझी पोरगी सात वर्षांची झाली. तिला पहिली भाकरी तुमच्याच घरात थापायला लावणार, असं मी कवाच ठरवून ठेवलंय."

नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. सापडलं असतं तर म्हणाले असते.

रविवारी सकाळी दोघी आल्या. मुलगा-सून बाहेर गेले होते. सारिकानं माझ्या स्वयंपाकघरात परात घेतली, पोरीला पाटावर उभं केलं, तिच्या हातावर हात ठेवून पीठ मळायला शिकवलं. भाकरी लहानशीच झाली, कडेनं चिरलेली. पण गॅसवर धरल्यावर अर्धी फुगली. पोरीनं टाळ्या वाजवल्या, ताटलीत घेतली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरातली म्हातारी, म्हणून आली असेल.

मला फक्त म्हणायचं होतं — आण बाळ, पहिला घास माझा. मग तिच्या आईला समोर बसवून सगळं सांगायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

तेवढ्यात सारिका हसत म्हणाली, "तशी न्हाई सोनू, पहिली गाईची. मला बाईंनीच शिकवलंय." आणि माझ्याकडे वळली. "त्या दिवसापासून एकदाही चुकवली नाही, बाई. नाइट ड्यूटी करून आले तरी पहिली बाजूला काढते. आई जाईस्तोवर सगळ्या वस्तीला सांगायची — माज्या पोरीची भाकरी बाईंनी देवाला दिली."

एवढं ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे.

मी म्हणाले, खाली गल्लीच्या तोंडाला गाय असते.

पोरगी ताटली घेऊन जिना उतरली. सारिका गॅलरीतून तिच्याकडे बघत होती, मी सारिकाच्या पाठीकडे बघत होते. नंतरच्या चार भाकऱ्या आम्ही तिघींनी मिळून खाल्ल्या. मीही खाल्ल्या. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या पहिल्या नव्हत्या.

त्याआधी पोरगी धापा टाकत वर आली होती. रिकामी ताटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजी, गाईनं खाल्ली!"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाब्बास म्हणाले.