प्रॉपच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा

"मूर्ती दोन फूट डावीकडे घ्या!" दिग्दर्शक ओरडला.

"आता हलवूचो नाय," भटजी म्हणाले.

मी स्टुलावर चढून झेंडूची माळ बांधत होतो. माळ तशीच सोडून खाली उतरलो.

मी आर्ट डायरेक्टर. म्हणजे पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं, ते माझ्या माथी. चतुर्थीला दाखवायची टेलिफिल्म आम्ही भर मे महिन्यात मालवणजवळच्या एका गावात उरकत होतो. कादंबरीवरून, असं आपलं म्हणायचं. कादंबरीत अख्खं घर मुलाची वाट बघतं आणि तो येत नाही. चॅनेल म्हणालं, सणासुदीला रडकं नको. म्हणून आमचा मुलगा पहिल्या ब्रेकच्या आतच मोठ्या गाडीतून उतरला, वर नाचलासुद्धा.

बाकी सगळं मात्र 'रियल' हवं! म्हणून भटजी गावातलेच खरे आणले. आता शूटिंगची मूर्ती म्हणजे प्रॉप, निव्वळ सामान. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले की तिचा देव होतो. तेव्हा भटजींना आधीच सांगून ठेवायचं असतं, नुसती स्तोत्रं म्हणा. ते सांगायचं काम माझं. मी याच मुलखात, जामसंड्यात वाढलेला, आणि विसरलो! भटजींनी सगळा विधी यथासांग केला. दिग्दर्शक 'काय इमोशन आहे' म्हणत बघत राहिला, कट म्हणालाच नाही.

"अहो काका, शूटिंग होतं हे," मी हळूच म्हणालो.

"मगे? माका खोटे मंत्र येणत नाय. उद्या दुपारी उत्तरपूजा करूया, मगे खंय व्हयो थंय न्हेवा."

"प्रॉप आहे तो!" म्हणत दिग्दर्शक स्वतःच मूर्ती उचलायला निघाला. तशा सुलभाकाकी आडव्या आल्या. घर त्यांचं. आमच्याकडे भावकीचा गणपती एकच, मूळ घरात. ते घर दिराकडे, आणि दिराशी बोलणं बंद. नऊ वर्षं या बाईनं चतुर्थी कोरडी काढलेली.

"हात लावलास तर बघ! नऊ वर्सांनी माझ्यासमोर गणपती बसलो आसा. भायर काढीन सगळ्यांका."

अजून दोन दिवसांचं काम त्याच घरात होतं. दिग्दर्शकानं हात मागे घेतला.

मग कॅमेरा हलला, लाईट हलले, कपाटं हलली. सुरमईच्या आशेनं आलेलं पन्नास माणसांचं युनिट मालवणात वरणभात जेवलं. हिरोचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली आणि दारात काकींचे दीर उभे. गावात बातमी फुटलीच होती.

"वयनी, गणपती बसवलास, आणि माका सांगलास नाय?"

"तुमी खंय बोलवतास माका?"

दीर चपला काढून आत आले आणि मूर्ती उचलली. काकी रडत मागून चालल्या. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. विसर्जनाचा सीन म्हणून कॅमेरा मागोमाग चालूच होता. विसर्जन झालं आणि दिग्दर्शक ओरडला, "वन मोर! हा म्हातारा कोण मध्येच?"

चॅनेलनं गणपतीचा सगळाच भाग उडवला. तिथं हिरॉईनचं गाणं घातलं. चतुर्थीला टेलिफिल्म लागली आणि काकींचा फोन आला.

"अरे, आमचो गणपती दिसलोच नाय!"

"काढला तो, काकी. कुठे बघितलंत?"

"भावजींकडे. चतुर्थीक मी आणि खंय असतलंय?"

आता शूटिंगला भटजी असले की कुठले मंत्र म्हणणार, हे मी आधी विचारून घेतो. दिग्दर्शकाला काहीच विचारत नाही.