पिवळ्या बॉडीच्या आतले डोळे

आमच्या घरात कोरा कागद क्वचित असायचा. असायची ती पत्रकं. वडील मिठागरावर कामाला होते आणि कामगारांची पत्रकं छापून आणायची, वाटायची जबाबदारी त्यांची. उरलेले गठ्ठे माळ्यावर जात. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. लाल, गुलाबी, हिरवा असा पातळ कागद, आणि त्यावर ‘कष्टकऱ्यांनो’ एवढ्या मोठ्या अक्षरात की बोट ठेवून वाचावं. त्या कागदावर मी माणसांची विभागणी शिकले: राबणारे आणि राबवणारे. ती विभागणी मला आजही खरी वाटते.

म्हणून माझ्याकडे रिमोटवर धावणारी रेसची गाडी आहे हे ऐकून लोक हसतात. श्रीमंतांचा खेळ तो, असं म्हणतात. असेलही. पण आमची गाडी जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली, आणि दोघींनी मिळून घेतलेली. दुसरी म्हणजे माझी मैत्रीण. पेणमध्ये तिच्या घरचा गणपतींचा कारखाना आहे आणि शाळेत असल्यापासून ती डोळ्यांची आखणी करते. मी गाडी चालवते, ती गाडी बसवते. चाकांचा कल, पुढची-मागची उंची, धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल, सगळं तिच्या बोटांत. गाडी घेतली त्याच दिवशी मी जाहीर केलं होतं की चालवणारी आणि बसवणारी यांच्यात वरखाली नाही. ती म्हणाली, “बरं बाय, भाषण झालं असलं तर पाना दे.”

आमचा ट्रॅक म्हणजे खाडीलगतचं सोडून दिलेलं मिठागर. तळ टणक, सपाट, पण मीठ बेअरिंगमध्ये शिरतं. प्रत्येक वेळी चाकं उतरवून रॉकेलमध्ये धुवायची, पुसायची, थेंबभर तेल द्यायचं. गाडीची उंची, चाकांचा कल मोजायला अगदी सपाट पाट लागतो. तिने आरशाच्या काचेवर प्लास्टर ओतून तो घरीच पाडला. आणि मोटरच्या छोट्या दातेरी चाकात आणि शेजारच्या मोठ्या चाकात जी केसाएवढी फट ठेवावी लागते, ती आम्ही माझ्या वडिलांच्या पत्रकांनी ठेवायचो. कागदाची पट्टी दोन्ही चाकांच्या मध्ये घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचा, पट्टी ओढून काढायची. फट कमी पडली तर मोटर तापते, जास्त झाली तर दाते झिजतात. पत्रकाचा कागद बरोबर बसायचा. मला त्याचा किती अभिमान होता हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मग आम्ही रोह्याला जायला लागलो. तिथे एका कॉलनीच्या डांबरी मैदानावर रविवारी कंपन्यांमधली तरुण मंडळी गाड्या पळवतात. टेम्पोच्या हौद्यात ओळीने उभं राहून रिमोट चालवायचे, खाली टेबलांवर गाड्या दुरुस्त करायच्या. त्यांच्यातला एक इंजिनियर, सगळ्यांत वेगवान. त्याची गाडी पिवळीधमक. मी मनात त्याला शिफ्टवाला म्हणायचे, कारण मैत्रिणीच्या तोंडी सतत त्याची शिफ्ट असायची.

“या रविवारी त्याची फस्ट शिफ्ट हाय, उशिरा येईल.”

“तुला कसं माहीत?”

“सांगितलान त्यानं.”

तिला त्याच्या टेबलावरून हलवणं कठीण व्हायला लागलं. त्याच्याकडे काचेचा पाट होता, चाकांचा कल दाखवणारं यंत्र होतं, तेलाच्या बाटल्यांची अख्खी पेटी होती. तो तिला सगळं हाताळू द्यायचा, समजावून सांगायचा, आणि चांगलं समजावायचा. हे मला सर्वांत जास्त खुपलं. तो उद्धट असता तर मी त्याच्यावर एक अख्खं पत्रक लिहिलं असतं.

एकदा कारखान्यात आम्ही मोटर बसवत होतो. मी पट्टी फाडून पुढे केली. तिने ती बोटांत चुरून बघितली.

“ह्यो कागद कधी जाड, कधी पातळ असतोय गो. त्याच्याकडं पोलादाची पट्टी हाय. एकसारखी.”

“मग त्याच्याकडेच जा.”

“जाते ना. तेच सांगायचंय तुला.”

तो पुढच्या महिन्यात मोठ्या रेसला चालला होता, बाहेरगावी. एका गाडीमागे एकच मेकॅनिक नेता येतो, आणि त्याने तिला विचारलं होतं. येत्या रविवारी ती त्याला उत्तर देणार होती.

आता माझ्या शिकवणीप्रमाणे मी काय म्हणायला हवं होतं? हात तिचे, कसब तिचं, कुठे वापरायचं ते तिने ठरवावं. मी तसंच म्हणाले, शब्दन् शब्द. आणि म्हणताना आतून अशी पेटले होते की हातातला स्क्रू कुठे पडला ते कळलं नाही. मत्सर हा मालकांचा रोग आहे असं आमच्याकडे मानतात, कारण गमावण्यासारखं त्यांच्याकडेच असतं. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे एकच गोष्ट आहे, त्याला तो अधिक कडकडून होतो.

त्याच आठवड्यात मी पुन्हा कारखान्यात गेले, तर ती नव्हती. फळीवर, बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगेत, गाडीची नवी बॉडी वाळत ठेवली होती. बॉडी म्हणजे गाडीवरचं पातळ प्लॅस्टिकचं कवच. आरपार दिसणारं येतं, रंग आपण द्यायचा, तोही आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरून घासलं तरी रंग जात नाही. बाहेर रंग उडू नये म्हणून तिने वरून वर्तमानपत्र चिकटवलं होतं. पण कडेला कागद सुटला होता आणि तिथून पिवळा दिसत होता. पिवळाधमक. आमच्या गाडीची बॉडी तडकलेली, चिकटपट्टीने धरलेली. आणि ही त्याच्यासाठी नवी रंगवत होती. मी हात लावला नाही, उचलून बघितलं नाही, तिला विचारलंही नाही. विचारायला लागणं हाच अपमान वाटला.

रविवारी रोह्याच्या ट्रेनमध्ये ती बॉडी तिच्या मांडीवर होती, तशीच कागदात. नागोठणं गेलं, निडी गेलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

“काय गो, तोंड का असं?”

“कसं?”

“पोलिसांनी पत्रकं जप्त केल्यासारखं.”

मी पुन्हा खिडकीकडे वळले.

मैदानावर शिफ्टवाला आधीच आलेला. तिच्या हातातली वस्तू बघून तो दोन पावलं पुढे आला. ती त्याला ओलांडून सरळ आमच्या टेबलाशी आली, बॉडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “काढ कागद. तुझ्यासाठी केलंय. आपल्यासाठी.”

मी कागद ओढला. खाली नुसता पिवळा. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. तिने टपावरून बोट फिरवलं.

“डोळे कुठं गेले?” ती म्हणाली.

शिफ्टवाल्याने बॉडी हातात घेतली, उलटी केली आणि त्याच्या लक्षात आलं. तो हळू आवाजात म्हणाला, “आतून रंगवताना क्रम उलटा असतो. बारीक काम आधी, मोठा रंग शेवटी. तू बेस आधी मारलास, म्हणून बाकीचं त्याच्यामागे गेलं.”

“डोळे आधी?” ती त्याच्याकडे बघतच राहिली. “डोळे आधी कोण काढतं?”

आजूबाजूचे हसले. तिच्या घरात कुणीच कधी डोळे आधी काढलेले नाहीत. आधी अंग, मग पितांबर, मग दागिने, आणि सगळं झाल्यावर डोळे. पिवळा तिने निवडला नव्हताच. तो पितांबराचा पिवळा होता, कारखान्यात डबे भरून असतो तो.

मी बॉडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि आत बघितलं. पुढच्या दिव्यांच्या जागी दोन डोळे, पापण्यांसकट, तिच्या हातचे. टपाच्या आत मिठाच्या पांढऱ्या राशी, त्यांच्यामधून जाणारा बांध, आणि बांधावर टेकवलेलं आमचं रॉकेलचं डबडं. कुणालाही कधी दिसणार नाही अशा जागी. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

“लाव हीच,” मी म्हणाले.

“पण कायच दिसत नाय.”

“मला दिसलं. लाव.”

पहिल्या फेरीत मैदानावर दोन पिवळ्या गाड्या होत्या. हौद्यातून एवढ्या लांबून त्यांच्यात काही फरक नव्हता. एका वळणावर दोन्ही शेजारी आल्या, सुटल्या, आणि मी त्याच्या गाडीकडे बघत स्टिअरिंग फिरवू लागले. ती सुरेख वळली. वाटलं, आज माझा हात काय बसलाय! तेवढ्यात खालून मैत्रीण ओरडली, “अगो, तुझी मागं हाय! मागं!” आमची गाडी कठड्यावर आपटून उलटी पडली होती, चाकं वर करून, आतले डोळे आभाळाकडे.

मोटर जागची हलली होती. शिफ्टवाला पोलादाची पट्टी घेऊन आला. तिने ती घेतली, उजेडात धरून बघितली आणि त्याला परत दिली. “एकदम चांगली हाय ही. पण घाईत हाताची सवयच बरी.” मग मला म्हणाली, “कागद काढ.”

माझ्या पिशवीत लाल पत्रक होतं. तिने त्याची पट्टी फाडली, दातेरी चाकांत घातली, मोटर दाबली, स्क्रू आवळला, पट्टी ओढून काढली. उरलेला तुकडा चिकटपट्टीने टपावर लावला. “ही तुझी. लाल असेल ती. आता दुसऱ्याच्या गाडीकडं बघू नको.”

दुसऱ्या फेरीत मी फक्त लाल तुकड्याकडे बघितलं. आम्ही जिंकलो नाही. तो जिंकला, आणि स्पीकरवर चालवणाऱ्याचंच नाव पुकारलं गेलं, बसवणाऱ्याचं नाही. मी त्यावर तिथेच वाद घातला. पुढे मागे त्यावर लिहीनही.

निघताना त्याने विचारलं, “मग ठरलं का?”

ती म्हणाली, “येईन. शिकायला मिळेल तर येईन की. एवढ्या वेळेला तुझ्या टेबलावर. पण आमची गाडी मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाय, आधीच सांगते.”

येईन. हा शब्द मी ऐकला आणि तो अजून माझ्या छातीत आहे. ‘आमची गाडी’ हेही मी ऐकलं. दोन्ही एकाच दमात आलं, त्यामुळे एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मी बॉडी मांडीवर उताणी धरली होती. समोर टोपली घेऊन बसलेली बाई वाकून बघायला लागली.

“काय गो, देव हाय का त्यात?”

“नाय मावशे, गाडी हाय.”

“गाडीला डोळे?”

“मग! बघायला नको रस्ता?” मैत्रीण म्हणाली, आणि बाई खुदकन हसली.

मी तिला म्हटलं, नवी बॉडी आणू, या वेळी डोळे आधी काढ. तिने मान हलवली. “आखलेले डोळे आमच्यात टाकत नायत. हीच चालव.”

ती पुढच्या महिन्यात त्याच्याबरोबर जाऊन आली. त्या रविवारी मी मिठागरावर एकटीने गाडी चालवली, बेअरिंगं एकटीने धुतली, आणि दर वळणाला मनात तिला त्याच्या टेबलाशी वाकलेली बघितली. टपावरचा लाल कागद उन्हाने गुलाबी पडत चाललाय. तो मी दर वेळी नवा लावते.