भिंतीवरची वाटी

आमच्या टीचर कोणालाही भेटल्या की नमस्काराच्या आधी त्याची खालची पापणी ओढून पाहत. शाळेतल्या आरोग्य तपासणीची ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पोस्टमन असो की दूरचा पाहुणा, अंगठ्याने पापणी खाली, क्षणभर निरीक्षण आणि लगेच निकाल : "फिकं आहे. पालेभाजी खात नाहीस तू, नजर जाईल." पोषणशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी घरी आले त्या दिवशी माझीही पापणी ओढली गेली. पापणीच्या आतल्या रंगावरून रक्ताचा अंदाज येतो, दृष्टीचा येत नाही, असे मी त्यांना शांतपणे सांगितले. "असेल," त्या म्हणाल्या, "पण फिकी तू आहेसच, सायंटिस्ट."

संगमनेरला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडे टीचर एकट्या. मिशनच्या शाळेत आयुष्य गेले, नवरा गेला, मुलगी श्रीरामपूरला दिली. भिंतीअलीकडे माझे वडील, अण्णा, तेही एकटेच. आई जाऊन काही वर्षे झाली होती आणि मी पुण्याला नोकरीला होते. अण्णा दुधाचा टँकर चालवत. मधुमेह जुना होता, पण त्याकडे ते लांबच्या नातेवाइकासारखे पाहत : आहे, पण येणे-जाणे नाही. मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की साखर डोळ्यांत उतरली आहे. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या होत्या. लेसरने पुढचे नुकसान रोखता येईल, पण रक्तातली साखर आटोक्यात आली नाही तर नजर जाईल. या वाक्याचा पूर्ण अर्थ कळणारी आमच्या घरात मी एकटीच होते. त्यामुळे अण्णांचे डोळे वाचवणे हे माझे काम आहे, असे मी गृहीत धरले.

मी पद्धतशीर सुरुवात केली. कोणत्या वेळी काय खायचे, भाकरी किती, डाळ किती, हिरव्या भाज्या कोणत्या, त्यांतले कोणते घटक डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडतात, असा रंगीत तक्ता तयार करून फ्रिजवर चिकटवला. पुढच्या खेपेला पाहते तर तक्त्यावर कॅलेंडर.

"अण्णा, तक्ता कुठाय?"

"हाय की मागं. कॅलेंडरला जागा न्हवती."

रोज संध्याकाळी मी फोन करत असे. "आज काय खाल्लं?" "खाल्लं की." "काय पण?" "जेवन." विज्ञानाने आजवर शोधलेली कोणतीही पद्धत या उत्तरापुढे टिकत नाही.

टीचरनी मात्र काहीच समजावून सांगितले नाही. त्यांनी भिंतीवर एक वाटी ठेवली. स्टीलची, काठाला किंचित चेमटलेली, आत लसणाची फोडणी दिलेली मेथी. मी तेव्हा दिवाळीला घरी आले होते. अण्णांनी मेथी खाल्ली, वाटी धुतली आणि आईची रीत आठवून तीत चमचाभर साखर घालून ती भिंतीवर परत ठेवली. शेजारची वाटी रिकामी पाठवायची नाही, आणि घरात काही नसेल तर साखर घालायची, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून हाक आली. "ड्रायव्हरसाहेब! ही साखर कुठून आली?"

"घरातली हाय, टीचर. रिकामी वाटी कशी द्यायची?"

"म्हणजे घरात साखरेचा डबा आहे."

त्या डब्यावरून मी कित्येक महिने भांडत होते. पाहुण्याच्या चहाला लागतो, असे मला सांगून तो मसाल्याच्या बरण्यांमागे जपला जात होता.

"आणा तो इकडं."

आणि अण्णांनी तो नेऊन दिला! मी ओट्याशी उभी राहून हे पाहत होते. माझ्यासमोर ज्याचे अस्तित्वही मान्य होत नव्हते, तो डबा टीचरच्या एका वाक्यात भिंत ओलांडून गेला.

"उद्यापासून वाटीत पालेभाजी यायला हवी. तुमच्या हातची. जमत नसेल तर वाटी ठेवून घ्या, मी दुसरी आणीन."

"मला भाजी कुठं येती, टीचर?"

"टँकर येतो ना? मग मेथीही येईल."

दुसऱ्याची वाटी ठेवून घेणे अण्णांच्या सात पिढ्यांत कोणी केले नसेल. ते भाजी शिकले. परसात शेवगा होता, त्याचा पाला ओरबाडून झाला. मग बाजारातून माठ, चाकवत, पालक येऊ लागला. या व्यवस्थेतली खरी हुशारी माझ्या उशिरा लक्षात आली. वाटीभरच भाजी करता येत नाही. कढईत नेहमी अधिक होते, आणि टाकून देणे अण्णांच्या स्वभावात नाही. म्हणजे उरलेली भाजी रोज अण्णांच्याच पोटात जाणार. माझ्या तक्त्यात नेमके हेच लिहिले होते, तेही अधिक अचूक.

अधिक अचूक हे मी मुद्दाम म्हणते, कारण टीचरचे ज्ञान अर्धेच होते. गाजर खाल्ल्याने चष्मा जातो यावर त्यांचा गाढ विश्वास होता. आहारात अ जीवनसत्त्व नसेल तर रातांधळेपणा येतो, पण चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारावर ठरतो आणि गाजराने तो आकार बदलत नाही, असे मी सांगून पाहिले. मग मी त्यांच्या जाड भिंगांकडे बोट दाखवले. "मग तुमचा का नाही गेला?"

"मी उशिरा सुरू केलं," त्या म्हणाल्या.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या कोणत्या वाक्यावर ते असे हसले होते, ते मी आठवून पाहिले. आठवले नाही. मला टीचरचा मत्सर वाटत होता. मी बरोबर होते आणि त्या ऐकल्या जात होत्या, ही वस्तुस्थिती कोणत्याही कोनातून तपासली तरी तशीच राहत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट टिपली. मी भिंतीवरून वाटी पुढे केली तर टीचरचा हात रोखाने आला नाही. वाटी त्यांच्या उजव्या बाजूला होती, आणि मी बोलेपर्यंत ती त्यांना दिसलीच नाही. चहा ओततानाही त्या कपाच्या काठावर बोट ठेवत. समोरचे दिसते पण कडेचे हरवते, याचा अर्थ मला ठाऊक होता. घरात येऊन मी अण्णांना म्हटले, "टीचरना काचबिंदू असावा. लगेच तपासायला हवं." यावेळी तरी माझे ज्ञान प्रथम पोहोचले आहे, असे मला वाटले.

"हाय त्यांना काचबिंदू," अण्णा शेवग्याचा पाला ओरबाडत म्हणाले. "लई दिवस झाले. थेंब चालू हायेत. आमी दोघं एकाच दिवशी जातो डाक्टरकडं."

"आणि मला का नाही सांगितलंत? मी आले असते बरोबर."

"तुझी रजा कशाला घालवायची? टीचर हायेत की."

अण्णांच्या लेसरच्या दिवशीही टीचरच सोबत होत्या, हेही तेव्हाच कळले. एकाला समोरचे धूसर, दुसरीला कडेचे नाही. दोघे मिळून रस्ता ओलांडत असणार.

काचबिंदूने गेलेली नजर मेथीने येत नाही. थेंबांनी उरलेली टिकते, तीही वेळेवर सुरू केले तर. टीचरना हे माहीत होते. गाजराच्या बाबतीत त्यांनी माझे कधी ऐकले नाही, पण स्वतःच्या डोळ्यांबद्दल त्या एकदाही खोटे बोलल्या नाहीत. "माझं गेलं ते गेलं," त्या एकदा भाजी निवडता निवडता, बोटांनीच कीड शोधत म्हणाल्या. "तुझ्या बापाचं जाण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे."

यंदा मुलगी येऊन त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी माझी पापणी ओढली, पण पाहिले नाही, फक्त अंगठा थोडा वेळ तसाच ठेवला. मग ती चेमटलेली वाटी माझ्या हातात दिली. आत चाकवत होता. मुलीची गाडी वळून गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की ही वाटी परत करायला आता भिंतीपलीकडे कोणी नाही.

अण्णांच्या मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की झिरपणे थांबले आहे, नजर स्थिर आहे. श्रेयाची वाटणी मी अनेकदा करून पाहिली. लेसर, गोळ्या, उतरलेली साखर, भाज्या. भाज्या माझ्या तक्त्यातल्या होत्या, पण ती ओळ मी कुठेही ठेवली तरी तिच्यापुढे टीचरचेच नाव येते.

आता दर रविवारी सकाळी अण्णा फोन स्पीकरवर ठेवून टीचरना पेपर वाचून दाखवतात. वाचलेल्या त्या नजरेचा हप्ता असा श्रीरामपूरला जातो. मागच्या रविवारी ते वाचत असताना मी त्यांच्यासमोर ती वाटी ठेवली. त्यांनी एक घास घेतला आणि वाचन थांबवले.

"काय झालं?" फोनमधून आवाज आला.

"शेवग्याचा पाला हाय. पोरीनं केलाय. तुमच्यासारखी चव न्हाई, टीचर."

"मीठ कमी आहे का?"

"व्हय."

"मग बरोबर केलाय. मुकाट्यानं खा, आणि वाटी पुसून द्या तिला."

अण्णांनी वाटी पुसून खाल्ली. भाजी माझी होती. हुकूम अजूनही टीचरचाच होता. मी वाटी उचलली, धुतली आणि दुपारच्या भाजीसाठी ओट्यावर ठेवली.